तीन हजार गावं आणि तीनशे मुली

रॉयल गूल्ड वाइल्डर या अमेरिकन पाद्र्याच्या आयुष्याचा हिशोब अमेरिकेतल्या एका जुन्या चरित्रकोशाने चार ओळींत मांडला आहे. ३,०००हून अधिक शहरं, कसबे आणि खेड्यांत उपदेश केला. ३० लाखांवर पानं वाटली. शाळांमधून ३,३००हून जास्त मुलं गोळा केली, त्यांत मुली ३००. मराठी बायबलच्या भाषांतराच्या समित्यांवर काम केलं, तीन शुभवर्तमानांवर टीका लिहिल्या.

आमच्या घरात हा हिशोब उलट्या क्रमाने सांगितला जायचा. आधी मुली, मग पानं आणि शेवटी गावं. आजी म्हणायची, "सायेब गावं मोजायचा, मडम पोरी मोजायची." आजीची आजी त्या पोरींपैकी एक होती, आणि आजीचे आजोबा सायबाच्या दौऱ्यावरची गाडी हाकायचे. त्यामुळे कोशातल्या त्या चार ओळींपैकी निदान दोन तरी आमच्या घरातून गेल्या आहेत असं मी मानत आलो आहे. कोल्हापुरात वाइल्डर यांच्या नावाचं चर्च आहे, लहानपणापासून आम्ही त्याच्या दारातून आत-बाहेर केलं आहे. पण ते नाव एका माणसाचं नसून एका कुटुंबाचं आहे, हे मला आजीकडून कळलं आणि त्यानंतर पुस्तकांतून.

वाइल्डर मूळचे व्हर्माँटचे, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या डोंगराळ, बर्फाळ मुलखातले. १८१६ साली ब्रिडपोर्ट नावाच्या छोट्या गावात जन्म. मिडलबरीच्या कॉलेजातून पदवी, अँडोव्हरला धर्मशास्त्राचं शिक्षण. १८४६ साली पत्नी एलायझाला घेऊन ते हिंदुस्थानच्या जहाजावर चढले. सुएझचा कालवा व्हायला अजून तेवीस वर्षं होती. शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून मुंबई गाठायला तेव्हा चार-चार, पाच-पाच महिने लागत. मुंबईहून घाट चढून ते अहमदनगरला आले.

त्या काळचं नगर म्हणजे अमेरिकन मराठी मिशनचं घरच होतं. 'ज्ञानोदय' १८४२ साली तिथूनच सुरू झाला होता. सिंथिया फरार ही अविवाहित बाई तिथे मुलींच्या शाळा चालवत होती. जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढायचं मनावर घेतलं त्यामागे नगरच्या फरारबाईंच्या शाळेचं दर्शन होतं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. वाइल्डर पतिपत्नी आपली पहिली वर्षं या वातावरणात राहिले. साहेबांकडे तिथल्या सेमिनरीचं काम होतं. पण माझं लक्ष जातं ते एलायझाकडे. मराठी शिकत असलेल्या त्या तरुण बाईने तिथे मुलींना पाटीवर अक्षरं गिरवताना पाहिलं असणारच. पुढे कोल्हापुरात तिने जे केलं त्याचं बी नगरचं, असं माझं मत आहे.

१८५२ संपता संपता वाइल्डर कोल्हापुरास आले. करवीर म्हणजे अंबाबाईचं क्षेत्र, छत्रपतींची गादी. १८४४ साली गडकऱ्यांचं बंड मोडून इंग्रजांनी संस्थानाच्या कारभारावर हात ठेवला होता. गादीवर तरुण शिवाजी महाराज, खऱ्या किल्ल्या पोलिटिकल साहेबाकडे. अशा दुखावलेल्या शहरात एक गोरा माणूस परका धर्म सांगायला येऊन बसला, तेव्हा त्याला हद्दपार करावं असा अर्ज नगरवासीयांनी दिला. मला हा अर्ज अन्यायाचा वाटत नाही. गोरा रंग आणि सत्ता या दोन गोष्टी त्या वेळी लोकांना वेगळ्या दिसणं शक्यच नव्हतं, आणि अमेरिकन आणि इंग्रज हा फरक रंकाळ्याकाठच्या माणसाने कशावरून ओळखावा? साहेब मात्र राहिले. शहराने कान बंद केले की खेड्यांकडे वळायचं, ही त्यांची रीत पडली ती तेव्हापासून.

आता दौऱ्याबद्दल, कारण आमच्या घरच्या गोष्टींतला सगळ्यात भरलेला भाग तो.

दिवाळी झाली, सुगी हातातोंडाशी आली, रस्त्यांवरचा चिखल वाळला, की गाड्या जुंपायच्या. शिमग्यानंतर ऊन डोक्यावर येईपर्यंत दौरा चालायचा. एका गाडीत राहुटी, खुंट, दोर, स्वयंपाकाची भांडी. दुसरीत पुस्तकांच्या पेट्या, मेणकापडात गुंडाळलेल्या. आजीचे आजोबा दुसऱ्या गाडीवर. ते सांगत, की माणसांच्या गाडीपेक्षा कागदांची गाडी जड. माणूस चढावर उतरतो आणि चालतो, कागद कुठे उतरणार? कागल, निपाणी, गडहिंग्लज, आजरा, मलकापूर, शिराळा ही नावं आजीच्या तोंडून आम्ही शाळेच्या नकाशाआधी ऐकली, आणि ती अंतराने नव्हे तर चढ-उतारांनी आणि पाण्याने ऐकली. कुठल्या ओढ्याला मार्गशीर्षातही पाणी असतं, कुठल्या खिंडीत बैलांचे खूर सटकतात, कुठल्या गावचा पाटील वैरण देतो आणि कुठला तोंड फिरवतो.

गावात शिरलं की चावडी नाहीतर पार गाठायचा. बरोबरचे मराठी उपदेशक आधी एखादं गीत म्हणायचे, लोक जमले की साहेब बोलायचे. मग प्रश्न. जुन्या मिशन अहवालांत धर्मचर्चेचे प्रश्न नोंदलेले असतात. आजोबांच्या आठवणीत दुसरेच प्रश्न होते: तुमच्या मुलखात पाऊस किती, जोंधळा पिकतो का, माझ्या पोराचे डोळे आले आहेत, काही आहे का तुमच्याजवळ. औषधाची बाटली पुस्तकाआधी रिकामी व्हायची. बाजाराच्या दिवशी तर बोलणारा एकीकडे, ऐकणारे भावताव करत दुसरीकडे. जत्रेत मात्र गर्दी थांबायची. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर गुलालाने न्हालेल्या माणसांना कोणी कागद देऊ लागलं तर ती घेत, कपाळाला लावत आणि पुढे जात. छापलेल्या अक्षराला पाय लागू नये एवढा मान त्या वेळच्या निरक्षर माणसाच्या मनात होता.

आणि काही कागद वाण्याच्या दुकानी जात. जिरं-मोहरीच्या पुड्या बांधायला याहून चांगला कागद कुठला? आजीच्या आजोबांना एकदा वडगावच्या बाजारात हळदीची पुडी मिळाली, ती त्यांनीच गाडीतून उतरवलेल्या पेटीतल्या पानाची. आकार ओळखीचा, अक्षरांची मांडणी ओळखीची, पण वाचता येत नव्हतं. इतकी वर्षं ज्याचं ओझं वाहिलं ते काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती पुडी त्यांनी हळद काढून घेऊन जपली, आणि घरी आल्यावर बायकोपुढे ठेवली.

बायकोला वाचता येत होतं. ती मडमच्या शाळेतली.

त्या शाळेबद्दल आजी बोलायला लागली की तिचा आवाज बदलायचा. साहेब दौऱ्यावर असत तेव्हा कोल्हापुरातला सगळा संसार एलायझाबाईंच्या अंगावर असे. स्वतःची लहान मुलं, आजारी माणसं, दाराशी येणारे गरजू आणि शिवाय शाळा. मुलींना शाळेत आणणं हे त्या काळी उपदेशापेक्षा कठीण काम होतं. आई म्हणे, पोरगी पाटी धरील तर धाकटं कोण सांभाळील? बाप म्हणे, शिकलेली पोर नवऱ्याला खाते. मग धाकट्यालाही कडेवर घेऊन ये, इथपर्यंत गोष्ट यायची. आजीची आजी तशीच आली, भावाला कडेवर घेऊन. शिवण आणि वाचन, दोन्ही. सुईने तिला दोन पैसे मिळाले, म्हणून आईने शाळा बंद केली नाही, आणि शाळा बंद झाली नाही म्हणून अक्षर टिकलं.

आम्ही मूळचे महार. गावकुसाबाहेर राहणाऱ्या घरातली मुलगी पाटी घेऊन बसते, ही १८६० च्या दशकातली गोष्ट किती मोठी, हे आज तीनशे या आकड्यावरून उमगत नाही. तीन हजारांपुढे तीनशे म्हणजे थोडेच, असं कोशाच्या वाचकाला वाटेल. आमच्या घरात त्या तीनशेतली एकच आली. तिने रात्री दिव्यापुढे हळदीचे डाग पडलेलं ते पान नवऱ्याला वाचून दाखवलं. मग दुसऱ्या रात्री परत. मग त्याने बोट ठेवून विचारायला सुरुवात केली. ज्याने पेट्याच्या पेट्या तालुकाभर नेल्या त्या माणसापर्यंत पुस्तक पोचलं ते असं, बायकोच्या हातून. मोठे मामा इतिहासाचे शिक्षक होते. त्यांना ही गोष्ट फार सरळसोट वाटायची. ते म्हणायचे, मिशनच्या नोकरीतला माणूस ख्रिस्ती झाला यात नोकरीचाही वाटा असणार. असेल. पण नोकरी बाप्तिस्म्याआधी कित्येक वर्षं होतीच, आणि ती गाडीवानाची होती. बाप्तिस्म्याने त्यात एक पैसा वाढला नाही. मी आजीच्या बाजूचा आहे.

या सगळ्याच्या मधोमध वाइल्डर कुटुंबाचं स्वतःचं एक मोठं संकट चालू होतं.

१८५४-५५ साली, वाइल्डरना इथे पाठवणाऱ्या बोस्टनच्या मिशन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन आपल्या सहकाऱ्यासह मराठी मिशन पाहायला आले. त्यांचं म्हणणं, मिशनचं पहिलं काम उपदेश. इंग्रजी शाळांवर पैसा आणि माणसं घालवू नयेत. शाळा बंद होऊ लागल्या. वाइल्डरना हे पटलं नाही. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण गावोगाव फिरून उपदेश करण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता, आणि तरी शाळेसाठी भांडायला उभे राहिले तेच. १८५७ साली प्रकृती ढासळून ते अमेरिकेला परतले. त्याच वर्षी जुलैअखेर कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीने बंड केलं, पुढे इंग्रजांनी महाराजांचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवलं. शहर पुन्हा एकदा होरपळलं. इकडे बोर्डाने कोल्हापूरचं ठाणं सोडायचं ठरवलं. वाइल्डरनी १८६१ साली मिशन शाळांवर एक जाडजूड पुस्तक छापलं आणि त्याच साली, बोर्डाच्या आधाराशिवाय, बायको-मुलांसह ते कोल्हापूरला परत आले.

याचा अर्थ व्यवहारात काय होतो ते पाहा. पगार नाही. मागे संस्था नाही. मित्रांनी, मंडळ्यांनी जे पाठवलं त्यावर घर, शाळा, दौरे. आणि नेमकं तेव्हाच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. कागदी डॉलर सोन्यापुढे घसरला, म्हणजे तिथून निघालेली रक्कम इथे पोचेपर्यंत आटायची. त्याच युद्धामुळे अमेरिकेचा कापूस थांबला आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्याबरोबर धान्य, मजुरी, गाडीभाडं सगळं चढलं. एकच लढाई दोन्ही टोकांनी त्या घरावर आली. दहा वर्षं त्यांनी अशी काढली. त्यांच्या मतांशी कोणी सहमत असो-नसो, या दहा वर्षांपुढे माझी मान लवते. आणि त्या वर्षांचं ओझं कोणी पेललं म्हणाल तर घर चालवणाऱ्या बाईने. तुटपुंज्या रकमेचे किती भाग करायचे हे तीच ठरवत होती. १८६१ च्या सुमारास ग्रेसचा जन्म, १८६३ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरातच रॉबर्टचा.

आमच्या घरचं संकट त्यामानाने लहान, पण आम्हाला अजून दुखतं. आजीच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला आणि गावकीतली त्यांची पाळी गेली. मेलेलं ढोर ओढणार नाही म्हटल्यावर बलुत्यातला वाटा कुठला? तो थोरल्या भावाकडे गेला. भावाने भांडण केलं नाही, फक्त बोलणं थांबवलं. आई दोघांची. ती पहाटे शेताच्या बांधावरच्या बाभळीला फडक्यात भाकरी बांधून जायची, धाकट्याने दौऱ्यावर निघताना ती काढून घ्यायची. आईच्या प्रेतालाही त्यांना हात लावू दिला नाही, असं आजी सांगे. मिशनच्या वृत्तांतांत अशा माणसाबद्दल 'सर्व सोडून आला' असं एक वाक्य असतं. सोडलेल्या माणसांचं काय झालं याला तिथे जागा नसते. आजीच्या आजीने लिहिता येऊ लागल्यावर दिराला पत्र लिहायला घेतलं होतं म्हणे, पण ते वाचून कोण दाखवणार होतं?

आणखी एक बोललं पाहिजे. त्या पिढीतल्या मिशनऱ्यांनी इथल्या देवाधर्माविषयी जे लिहिलं त्यातलं बरंच कठोर आहे, काही ठिकाणी क्रूर आहे. वाइल्डर त्याला अपवाद नव्हते. जोतिबाचा डोंगर त्यांना फक्त अंधार दिसला. माझ्या पणजोबांच्या वडिलांची आई त्या डोंगराला अनवाणी जायची, आणि बांधावर भाकरी ठेवणारीही तीच. तिच्या भक्तीला अंधार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी चर्चमध्ये वाढलेला माणूस आहे आणि मला हे दोन्ही सोडता येत नाही: त्या साहेबाने दाखवलेला ख्रिस्त आणि त्या बाईची भाकरी.

१८७० साली दिवस पालटले. अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळीचे दुभंगलेले दोन भाग एक झाले आणि त्यांच्या बोर्डाने कोल्हापूरचं काम आपलंसं केलं. प्रेस्बिटेरियनांत बिशप नसतो, सभासदांनी निवडलेले वडीलच मंडळी चालवतात. गावकीत ज्यांना बोलायची सोय नव्हती त्यांना पंचांत बसायचा हक्क मिळाला, तो असा. आजीचे आजोबा शेवटच्या वर्षांत वडीलमंडळात होते. दर सभेला ते बाराबंदी धुऊन घालायचे. पुढे रत्नागिरी, पन्हाळा, सांगली अशी ठाणी उघडली. मिरजेला वानलेस डॉक्टरांचं इस्पितळ १८९४ साली सुरू झालं, त्याची मुळं याच कामात. पण तोवर वाइल्डर इथे नव्हते. १८७५ च्या सुमारास प्रकृतीने त्यांना कायमचं परत नेलं.

ते प्रिन्स्टनला राहिले आणि १८७८ पासून 'मिशनरी रिव्ह्यू' हे नियतकालिक काढू लागले. पायाने फिरणं थांबलं, पण बोर्डांच्या कारभाराला जाब विचारणं थांबलं नाही. या घरात आता मुलं मोठी झाली होती. दहा वर्षांचा असताना कोल्हापुरात आपणही मिशनरी व्हायचं असं ठरवलेला रॉबर्ट प्रिन्स्टनच्या कॉलेजात होता, ग्रेस माउंट होल्योकला शिकून आली होती. विद्यार्थ्यांच्या बैठका वाइल्डरांच्या दिवाणखान्यात भरत, आणि त्या चालू असताना ग्रेस शेजारच्या खोलीत प्रार्थना करत बसे. १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मनला धर्मोपदेशक मूडी यांच्या शिबिरात शंभर तरुणांनी परदेशी मिशनला जायचा शब्द दिला, त्यामागे हे बहीणभाऊ होते. रॉबर्ट मग वर्षभर कॉलेजामागून कॉलेज फिरला. बापाने बैलगाडीवर केलेली फिरती मुलाने रेल्वेने केली, आणि बाप इकडे मरणाला टेकला होता. त्याने मुलाला थांबवून घेतलं नाही. १८८७ च्या ऑक्टोबरात वाइल्डर न्यूयॉर्कमध्ये वारले. पुन्हा हिंदुस्थानला निघायची त्यांची तयारी चालली होती.

तयारी वाया गेली नाही. त्याच वर्षी एलायझाबाई आणि ग्रेस निघाल्या. चाळीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर आलेली बाई आता विधवा होऊन, मुलीला घेऊन, पुन्हा याच मुलखात आली. अमेरिकेत तिचे मुलगे होते, भाषा होती, नवऱ्याची कबर होती. मला विचाराल तर या घराण्यातला सगळ्यात मोठा प्रवास हा आहे.

मायलेकी पुढे इस्लामपुरात राहिल्या. ते तेव्हा सातारा जिल्ह्यात, कोल्हापूर संस्थानाच्या हद्दीबाहेर. आजी लहानपणी तिथेच होती, आणि तिने दोघींना पाहिलं. म्हातारी मडम ओसरीत खुर्चीवर बसलेली, मिशीबाई म्हणजे ग्रेस खेड्यांतून धुळीने भरून आलेली. आजीचं आडनाव कळल्यावर म्हातारीने तिच्या आजीची चौकशी केली, आणि पहिला प्रश्न असा विचारला: वाचते का अजून? आजीने सांगितलं, डोळे गेले, आता मी वाचून दाखवते. म्हातारीने मग तिला जवळ बसवून एक अध्याय वाचून घेतला आणि उच्चार सुधारला. 'श' आणि 'ष' यांत आजी आयुष्यभर जो फरक करायची तो व्हर्माँटच्या त्या बाईने शिकवलेला.

आई आधी गेली, मग १९११ साली ग्रेस. आजीने त्याच्या दुसऱ्या वर्षी शिक्षिकेच्या परीक्षेला नाव घातलं. बापाने विचारलं, लग्नाचं काय? ती म्हणाली, होईल. झालंही. लग्नानंतर वारणेकाठच्या ज्या गावच्या शाळेवर तिची नेमणूक झाली तिथून तिच्या आजोबांच्या थोरल्या भावाचं घर दोन कोसांवर होतं. त्या घरातली दोन मुलं तिच्या वर्गात आली. तिने हजेरीत त्यांची नावं लिहिली, आडनाव आपल्या माहेरचंच.